निळे ग्लोव्हज आणि फ्रीजचं हँडल

कोण आहे तो महाभाग जो कुमासीने, म्हणजे जेलच्या पातळ पट्टीतली प्रोटीन्स रंगवायच्या निळ्या डायने, बरबटलेले ग्लोव्हज घालून लॅबचा फ्रीज उघडतो, आणि विचारलं की सगळे साळसूद! अरे बाबांनो हा डाय प्रोटीनलाच चिकटतो, आर्जिनिनसारख्या बेसिक अमिनो ॲसिडना, म्हणजे तुमच्या-माझ्या कातडीलाही, मग माझी बोटं निळी आणि घरी आई विचारते कसली शाई सांडलीस. वर डीस्टेनमधली, म्हणजे जेलवरचा जादा रंग काढायच्या द्रावणातली, टिश्यू पेपरची गाठ कुणी बदलत नाही, डाय शोषून गच्च निळी झाली तरी तशीच, मग जेलचं निळं बॅकग्राउंड जाणार कसं? त्यात बडोद्याचा मे महिना, डब्याला झाकण नाही, मेथनॉल-ॲसिटिक ॲसिडचा वास थेट डोक्यात. बोललं तर 'थई जशे ने!', होऊन जाईल ना म्हणे! काय डोंबल थई जशे, प्रोटीनचा पुसटसा बँड, म्हणजे पट्टा, त्या निळ्या चिखलात शोधू कुठे मी?