घर विकायचंय? आधी त्यात राहणं थांबवा

पंचवीसेक वर्षांची सोसायटी, चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. पुण्यातलं कोथरूड म्हणा, नाहीतर सिंहगड रोड. अशा घराला गिऱ्हाईक आणायचं तर एक गोष्ट पक्की धरा: दुरुस्ती हा शेवटचा उपाय. दुरुस्तीला पैसे जातात आणि झाल्यावर ती कुठे दिसत नाही. रंग दिसतो.

पण रंगाआधी सामान. घर मोकळं दिसलं पाहिजे, मात्र इतकंही नको की भांडण होऊन कोणीतरी निघून गेलंय असं वाटावं. माळ्यापासून सुरुवात करा. तिथे गणपतीचं थर्माकोलचं मखर असेल (२०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, मखर अजून आहे), टीव्हीचा खोका असेल (टीव्ही केव्हाच गेला, खोका वॉरंटीसाठी), पाहुण्यांच्या गाद्या असतील, आणि जुन्या चादरीत गाठ मारून बांधलेलं एक बोचकं असेल, जे सोडायची घरात कोणाचीच हिंमत नाही. मग पलंगाच्या बॉक्सकडे वळा. जुन्या फायली, संपलेली पासबुकं, लग्नपत्रिका, सुतळीने बांधलेल्या पिवळ्या पिशव्या. हे सगळं न बघता रद्दीत घाला. बघत बसलात तर चार रविवार जातील. रद्दीवाला किलोवर नेतो, वाचत बसत नाही. तुम्हीही वाचू नका.

आता बेडरूम. १० बाय ११ च्या खोलीत साडेसहा फुटी पलंग १० फुटांच्या अंगाने लावला आणि समोर २ फूट खोल कपाट ठेवलं, की मधे उरतो दीड फूट. कपाटाचं दारसुद्धा दीड फुटाचं. म्हणजे दार उघडायचं तर आधी पलंगावर चढायचं. तुम्हाला आता सवय झाली आहे, गिऱ्हाईकाला पहिल्याच भेटीत चढायला लावू नका. कपाट काढलं की साडेतीन फूट मिळतात आणि तीच खोली 'मास्टर बेडरूम' होते. अडचण एवढीच, की कपाट काढल्यावर कपाटामागची भिंत दिसते.

ही भिंत पश्चिमेची तरी असते, नाहीतर बाथरूमला लागून तरी. दोन्ही असेल तर अभिनंदन. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो आणि बाहेरच्या प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगांतून आत मुरतो. आतल्या बाजूला मग नकाशा उमटतो, त्याच्या काठाला पांढरी भुकटी. तो लोणा. पाणी विटा-सिमेंटातले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, स्वतः उडून जातं, क्षार तिथेच ठेवून जातं. फडक्याने पुसला की जातो. चार दिवसांनी येतो.

रंगारी निवडताना सावध राहा. जो 'आधी पाणी कुठून येतंय ते बघू या का?' असं विचारेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. 'पुट्टी मारतो साहेब, काय दिसणार नाय' म्हणणारा आपला. तो पट्टीने पोपडे खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, पॉलिश पेपरने घासतो, प्राइमर लावतो आणि वर इमल्शनचे दोन हात देतो. प्रत्येक हातानंतर काही तास वाळू द्यायचं असतं. भिंत आतून ओली असल्यामुळे ती वाळत नाही, तेव्हा टेबल फॅन लावून ठेवा. वरचा थर वाळेल. आतलं पाणी इमल्शनच्या मागे कोंडून बसेल आणि यथावकाश फुगा धरेल. हा फुगा यायला उन्हाळ्यात महिने लागतात, पावसाळ्यात आठवडे पुरतात. म्हणून मुहूर्त उलटीकडून काढायचा असतो. मृगाचा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे करारनामा मेच्या आत, टोकन एप्रिलमध्ये, रंग फेब्रुवारीत, आणि रद्दी जानेवारीत. वळवाने मधेच घोळ घातला तर त्याला इलाज नाही.

एकच भिंत रंगवण्याची कंजुषी करू नका. जुन्या घरात एक नवी भिंत म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात एक सोन्याचा दात, सगळ्यांची नजर तिथेच जाते. अख्खं घर रंगवा. ६५० फूट कार्पेटच्या (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) घरात भिंती आणि छत धरून दोन ते सव्वादोन हजार फूट रंगकाम निघतं. आणि हे सगळं कशासाठी, तर वरच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) एक जोड झिरपतो म्हणून. ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या उचलायच्या, जोड नीट भरायचा, वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून बघायचं, फरश्या परत बसवायच्या. काम थोड्या दिवसांचं. पण त्यासाठी वरच्या काकांशी बोलावं लागतं, आणि त्यांच्याशी तुमचं पार्किंगवरून बोलणं बंद आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूममधली आतली गळती त्या सभासदाने काढायची आणि गच्चीतून, बाहेरच्या सामाईक पाइपातून येणारी सोसायटीने. त्यामुळे काका म्हणतात पाणी पाइपाचं आहे, सेक्रेटरी म्हणतात काकांचं आहे. पाणी दोघांचं ऐकून घेतं आणि तुमच्याकडे येतं. तुम्ही रंगच द्या.

ज्यांना रंगही जड वाटतो त्यांनी पीव्हीसी पॅनेल ठोकावं. हॉलमध्ये टीव्हीमागे लावतात तसं. मात्र बेडरूममध्ये टीव्ही नसताना टीव्हीमागचं पॅनेल कशाला, हा प्रश्न ज्याला पडतो तो तळहाताची मागची बाजू पॅनेलच्या कडेशी धरून गारवा बघतो. बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघणाराही तोच. पोकळ वाजली की तो काही बोलत नाही, नुसता बायकोकडे बघतो. अशा वेळी ताबडतोब चहा आणावा.

दिव्यांचं थोडक्यात: सगळ्या घरात एकाच रंगाचे दिवे लावा. हॉलमध्ये पांढरी ट्यूब, पॅसेजमध्ये पिवळा बल्ब आणि स्वयंपाकघरात निळसर एलईडी असेल तर घर दवाखान्यातून देवळात गेल्यासारखं वाटतं. ३००० केल्विनचे, म्हणजे खोक्यावर 'वॉर्म' लिहिलेले, घ्या. पिवळसर उजेडात पिवळे पडलेले स्विचबोर्डही मुद्दाम त्या रंगाचे घेतल्यासारखे दिसतात.

फोटो मोबाइलच्या ०.५ वाल्या, म्हणजे वाइड, लेन्सने, खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, छातीच्या उंचीवरून काढा. खोली दुप्पट होते. फ्रिज मात्र कडेला येऊ देऊ नका, तो दिवाणाएवढा रुंद दिसतो आणि पंखा लांबट होतो. तेवढ्यावरून जाणकार लेन्स ओळखतात. कमोडचं झाकण बंद. आणि बेसिनच्या आरशात बनियनवर फोटो काढणारा मालक दिसत नाही ना, हे जाहिरात टाकण्याआधी एकदा बघा. टाकल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी बघून सांगतंच.

घर रविवारी सकाळी दाखवा. गुरुवारी चुकूनही नको. दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारीच, आणि 'शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' हे तर पुण्यात लहान मुलांनाही पाठ आहे. पाण्याच्या दाबाचा प्रश्न तुमच्याकडे तसा सातही वार आहे. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरपेक्षा जेमतेम पाच-सहा मीटर उंच. दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे तुमच्या वाट्याला अर्धा किलो, फार तर किंचित वर. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार शॉवरच्या भोकांत बसलेले, त्यामुळे आंघोळ म्हणजे ठिबक सिंचन. गिऱ्हाईकाला शॉवर दाखवू नका, बादलीचा नळ सोडा. तो शॉवरपेक्षा चार-पाच फूट खाली असतो, तेवढाच दाब जास्त, आणि प्लास्टिकच्या रिकाम्या बादलीत पडणारं पाणी आवाजही भरपूर करतं. तसं प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती शॉवरच्या तोंडाला रबराने रात्रभर बांधली तर भोकं मोकळी होतात. पण ही दुरुस्ती झाली. चुकून सांगितलं, माफ करा.

वासाच्या बाबतीत दोन टोकं टाळा. आदल्या दिवशी बोंबील नकोत, आणि त्या दिवशी रूम फ्रेशनरही नको. मोगऱ्याचा फवारा दारातच नाकावर आला की गिऱ्हाईक मोगऱ्याखाली काय आहे ते हुंगायला लागतं. साजूक तुपात रवा भाजायला ठेवा, तेवढं बास. न वापरलेल्या बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल तर घाबरू नका, नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. ते पाणीच गटाराचा वायू अडवत असतं. तांब्याभर पाणी ओता, वास बंद. अख्ख्या घरात फुकट होणारं हे एकच काम, म्हणून बहुतेक जण ते विसरतात. झुरळांचं औषध मात्र आठ-दहा दिवस आधी लावा. आदल्या दिवशी लावलंत तर झिंगलेली झुरळं नेमकी हॉलच्या मधोमध येऊन पाय वर करतात.

भिंतींइतकीच तयारी माणसांची हवी. आजींना त्या वेळी देवळात पाठवा. त्या प्रेमळ आहेत आणि खरं बोलतात. पाहुणे आले की कौतुकाने सांगतात, 'पावसाळ्यात इथं आम्ही परात ठेवतो हो, टपटप आवाजानं झोप छान लागते.' शेजारच्या काकू जिन्यात भेटणारच. 'विकताय होय? बरं केलंत, सुटलात,' हे त्या तुमच्यासाठी आनंदानेच म्हणतात, पण ऐकतं गिऱ्हाईक. तळमजल्यावरच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी असते, तीत तुमचं नाव असेल तर निदान त्या दिवसापुरती मेंटेनन्सची बाकी भरा.

क्षेत्रफळ विचारलं तर थेट आकडा देऊ नये. कार्पेट म्हणजे काय हे रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या, कायद्यात २०१६ सालीच लिहून ठेवलंय, त्यात बाल्कनी धरत नाहीत. तुम्ही मात्र बाल्कनी आत घेऊन तिथे वॉशिंग मशीन ठेवलंय, तेव्हा ती धराच. शिवाय जिन्याचा वाटा, लिफ्टचा वाटा (लिफ्ट नसली तरी), असं करत ६५० चे ९५० होतात. गिऱ्हाईक फारच टेप काढायला लागलं, तर एजंट हळूच त्याच्या कानाशी लागून तो शब्द उच्चारतो.

रिडेव्हलपमेंट.

एवढी सजावट केली नसती तरी चाललं असतं असं तेव्हा लक्षात येतं. इमारत पाडून नवी बांधायला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, सोसायटीच्या मागच्या सभेला कोरमसुद्धा झाला नव्हता, पण बोलणी 'चालू आहेत'. हे ऐकल्यावर ओल हा दोष राहत नाही. 'बघा साहेब, बिल्डिंग किती खराब झाली आहे,' असं एजंट अभिमानाने दाखवायला जातो आणि तुमची नवीकोरी भिंत बघून ओशाळतो. जुनी तशीच ठेवली असती तर दोन लाख जास्त मागता आले असते.

तर असं, नव्या घराची आशा धरून जुनं घर घेणारं गिऱ्हाईक एप्रिलच्या शेवटी येतं. मुद्रांक शुल्क ७ टक्के, बायकोच्या नावावर घेतलं तर ६, वर नोंदणीचे ३०,०००, हे सगळं त्याने घरूनच मोजून आणलेलं असतं. ते दिवे बघत नाही, शिरा खात नाही, नळ सोडत नाही. हॉलमध्ये उभ्या उभ्या विचारतं, 'मालकीचे कागद, म्हणजे मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळं ओरिजिनल आहे ना? बँकेला लागेल.'

ते सगळं पलंगाच्या बॉक्समध्ये होतं. सुतळीने बांधलेल्या पिवळ्या पिशवीत.

यावरही उपाय आहे. पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार द्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, करारनाम्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा. दुसऱ्या शेअर सर्टिफिकेटसाठी सोसायटीला अर्ज करा, सोबत नुकसानभरपाईचं बंधपत्र. अर्ज कमिटीच्या मीटिंगमध्ये मंजूर होतो, आणि मीटिंग मेमध्ये होत नाही, कारण सेक्रेटरी गावाला आणि वरचे काका चेअरमन. ती होते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, भर पावसात. तोवर बेडरूमच्या भिंतीवर पुरीएवढा पहिला फुगा आलेला असतो. बोटाने दाबून बघू नका, फुटतो. कपाट दोघांनी मिळून उचला आणि होतं तिथे परत लावा.