नाकात नळी, कागदावर काही नाही

लातूरच्या आमच्या घरी रात्री सगळे निजले की मी अमेरिकेतल्या रुग्णांच्या फायली उघडतो. मेडिकल कोडिंग हा माझा व्यवसाय. तिकडच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला आयसीडी-१०-सीएम या यादीतला कोड लावायचा आणि त्या कोडवर विमा कंपनीने पैसे द्यायचे किंवा नाकारायचे, असा हा व्यवहार आहे. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या या यादीत गाईची धडक बसल्याचाही स्वतंत्र कोड आहे, डब्ल्यू ५५.२२. औसा तालुक्यात तो कायम वापरात राहिला असता. माझ्या वाट्याला मात्र गाय कधी आली नाही. माझ्या वाट्याला येतो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार.

अशा फाईलमधले गृहस्थ घरी रात्रंदिवस नाकातल्या नळीने दोन लिटर ऑक्सिजन घेत असतात, नळी काढली की त्यांचा ऑक्सिजन ८४ टक्क्यांवर येतो आणि डॉक्टर निदानाच्या रकान्यात लिहितात, ‘सीओपीडी, हायपॉक्सिमिया. ऑक्सिजन चालू ठेवा.’ सीओपीडीला जे ४४.९, हायपॉक्सिमियाला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असण्याला, आर ०९.०२ आणि ऑक्सिजनवर अवलंबून असण्याला झेड ९९.८१ हे कोड लागतात. पण हा सगळा मामला बहुधा क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअरचा, म्हणजे श्वसन कायमचे अपुरे पडण्याचा असतो आणि त्याचा कोड जे ९६.११. हा कोड आजाराचे खरे गांभीर्य दाखवतो, परंतु डॉक्टरांनी ते शब्द स्वतः लिहिल्याशिवाय मला तो लावता येत नाही. ८४ हा आकडा मला दिसतो, कळतो आणि छळतो. त्यावरून निदान काढण्याचा अधिकार तेवढा मला नाही.

त्यातच जुनी नोंद जशीच्या तशी चिकटवण्याची डॉक्टरांना सवय असल्यामुळे तपासणीत ‘रुग्ण साध्या हवेत आरामात श्वास घेत आहे’ आणि दोनच ओळी खाली ‘नळीने दोन लिटर चालू’ असे एकाच माणसाबद्दल लिहिलेले सापडते. ‘बहुधा’ या शब्दाचे तर वेगळेच शास्त्र आहे. दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी ‘बहुधा अमुक आजार’ असे लिहिले, तर रुग्णालयाच्या बिलापुरता तो आजार झालाच असे धरायचे. तोच शब्द बाह्यरुग्ण विभागात लिहिला, तर तो आजार मोजायचाच नाही आणि फक्त लक्षणांचे कोड लावायचे.

माझ्या खोलीच्या पलीकडे आत्या निजते. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, पण तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे तिची उमर गेली आणि आता जिना चढताना तिला मध्येच बसावे लागते. तिच्या केसपेपरवर ‘धाप’ एवढेच लिहिलेले आहे, आणि ते वाचून मला कोड सुचतात, हा या व्यवसायाने जडवलेला रोग आहे. एका रात्री खोकल्याने ती उठली आणि काय चालले आहे म्हणून तिने विचारले. नावगाव वगळून मी अडचण सांगितली.

“आरं, नळी काढली की जीव कासावीस हुतोय त्याचा,” ती म्हणाली, “मग आता लिहायचं काय ऱ्हायलंय?”

नियमाप्रमाणे राहिले होते ते डॉक्टरांना प्रश्न पाठवणे, आणि तोही असा की त्यातून उत्तर सुचवले जाऊ नये. मी तपासणीतले आकडे मांडले, ऑक्सिजनची मात्रा लिहिली आणि अत्यंत अदबीने पर्याय दिले: हायपॉक्सियासह (ऑक्सिजनच्या कमतरतेसह) क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर; केवळ हायपॉक्सिमिया; अन्य काही; सांगता येत नाही. यांपैकी आपल्या वैद्यकीय मते काय योग्य, ते कृपया नोंदवावे.

पहाटे उत्तर आले, ‘सहमत.’

कशाशी, ते लिहिलेले नव्हते. तोच प्रश्न पुन्हा पाठवून मी पुढची फाईल उघडली. रुग्ण बाह्यरुग्ण विभागातला होता आणि पहिल्याच ओळीत लिहिले होते, ‘बहुधा सीओपीडी.’