मालकाचं उत्तर: स्टाउट कोमट नव्हती

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. शनिवारच्या बिअर-पेअरिंगला, म्हणजे प्रत्येक बिअरसोबत तिला जुळणारा पदार्थ देतो त्या कार्यक्रमाला, तुमच्या चौघांची संध्याकाळ मनासारखी झाली नाही, त्याबद्दल माफी मागतो. पैसे मोजून आलेलं माणूस नाराज होऊन जावं असं कुठल्याच मालकाला वाटत नाही.

पण "स्टाउट कोमट होती, फ्रीज बंद पडला होता की काय" हे त्या काळ्या, जड बिअरबद्दलचं तुमचं वाक्य जिव्हारी लागलं. फ्रीज चालू होता. त्याच रात्रीची पिल्सनर ही हलकी बिअर "मस्त थंडगार" होती असं तुम्हीच दोन ओळी वर लिहिलंय. पिल्सनर आम्ही ५-६ अंशांना देतो आणि स्टाउट १० ते १२ अंशांना, तेही मुद्दाम, आणि त्यासाठी कूलर वेगळा ठेवलाय. स्टाउटला तो कॉफीसारखा वास येतो भाजलेल्या बार्लीमुळे. बिअर फार गार केली की तो वास ग्लासातून वर येतच नाही, जीभही बधिर होते आणि तोंडात उरतो नुसता करपट कडवटपणा. त्यात तिच्यासोबत चॉकलेट केक होता. चॉकलेटमधलं कोकोबटर तोंडातल्या उबेने विरघळतं, त्यावर बर्फगार घोट घेतला तर ते टाळ्याला मेणासारखं चिकटून बसतं. ही स्टाउट इथल्याच एका छोट्या ब्रुअरीची आहे. ब्रुअर स्वतः अधूनमधून येतो, एक ग्लास भरून घेतो, त्यात थर्मामीटर बुडवतो आणि आकडा पटला नाही तर आमच्यावरच तोंड टाकतो. आता अशा माणसाला मी कोमट बिअरचा रिव्ह्यू कसा दाखवू, सांगा.

मग तुम्ही बर्फ मागवलात आणि ग्लासात टाकलात. बिअर तुमची, पैसे तुमचे, आम्ही काही बोललो नाही. पण रिव्ह्यूत पुढे त्याच स्टाउटला "पाणचट" म्हटलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं.

आयपीए, म्हणजे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर घातलेली बिअर, "कडू जहर" लागली, त्याचंही सांगतो. आमच्या कार्डावर आयपीएसमोर जुनं मुरलेलं चेडर आहे. चीजचा तुपकटपणा हॉप्सच्या कडवटपणाने आणि बुडबुड्यांनी कापला जातो, पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. तिखट विंग्स ठेवल्यात व्हीट बिअरसमोर, कारण ती मऊ असते आणि कडवट जवळजवळ नसते. तुम्ही चीज आधीच संपवलंत आणि आयपीए विंग्सबरोबर घेतलीत. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, म्हणजे बिअरने तो धुऊन निघत नाही. उलट अल्कोहोलने आग वाढते आणि त्या आगीवर हॉप्स दुप्पट कडू लागतात. टेबलावर वाढणारा आमचा मुलगा हेच सांगायला आला होता. तो "शहाणपणा शिकवत होता" असं तुम्ही लिहिलंय. साहेब, त्याचं कामच ते आहे. रिव्ह्यू त्यानेही वाचला, दिवसभर गप्पच होता.

व्हीट बिअर गढूळ दिसते ती खराब झाली म्हणून नाही. ती गाळत नाहीत, गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तिच्यात तशीच राहतात. तुमच्या सोबतच्या मॅडमना तिला केळ्याचा वास आला होता, तोही त्या यीस्टचाच. त्या मॅडमनी ती आवडीने संपवली, याची मात्र रिव्ह्यूत कुठे नोंद नाही.

राहिला मुद्दा "पेअरिंग म्हणजे नुसतं नाटक" याचा. कार्डावरची प्रत्येक जोडी आम्ही आणि स्वयंपाकघरातल्या लोकांनी एकत्र बसून, खाऊन-पिऊन ठरवली आहे. हलक्या बिअरला हलका पदार्थ, जड बिअरला जड, आणि कार्डावरचा क्रमही हलक्याकडून जडाकडे. कारण एकदा स्टाउट किंवा आयपीए प्यायल्यावर पिल्सनर सपकच लागणार. क्रम पाळायलाच हवा अशी सक्ती नाही, पण तो मोडून मग चव जुळली नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या सूचनेवरून पुढच्या छपाईत कार्डावर प्रत्येक बिअरचं तापमान टाकून घेतोय, मुलांशीही बोललोय, बाकीही काही सुधारणा सुरूच आहेत.

एक विनंती आहे. लहान ब्रुअरीची ताजी बिअर फार दिवस ठेवून चालत नाही. टेबलं रिकामी राहिली की केग, म्हणजे बिअरचं पिंप, पडून राहतो आणि सगळ्यात आधी हॉप्सचा वास जातो, नुकसान आमचं आणि त्या ब्रुअरचंही. रविवारी एका कुटुंबाने बुकिंग रद्द करताना "तुमच्याकडे बिअर कोमट असते म्हणे" एवढंच सांगितलं. तुमचा एक तारा तसाच राहू द्या, हरकत नाही, तो तुमचा अधिकार आहे. फ्रीजचं तेवढं वाक्य काढता आलं तर बघा. पुन्हा यायची इच्छा झाली तर आधी फोन करा, मी स्वतः टेबलाशी थांबेन.

आपला,
मालक