सपाट तळव्यांचं भाग्य

एनसीसी पुन्हा सक्तीची करा, ही मागणी पुण्यात पावसासारखी दरवर्षी येते. उद्या सरकारने ऐकलंच, तर चिरंजीवांची तयारी असावी म्हणून हे चार शब्द. चीनच्या युद्धानंतर 1963 साली कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, 1968 साली ऐच्छिक झाली. मधल्या काळात डॉक्टरच्या दाखल्यावर परेड चुकवताना सदाशिव पेठेने कमावलेलं वैद्यकीय ज्ञान वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

आजार निवडताना घाई नको. रंगांधळेपणाचा मोह पडतो, पण नवखे तिथेच आपटतात. रंगीत ठिपक्यांच्या त्या पुस्तकातला पहिलाच 12 हा आकडा रंगांधळ्यालाही वाचता येतो. ‘काहीच दिसत नाही हो’ म्हणालात की संपलं. दम्याला छातीत शिट्टी वाजावी लागते. ती आणणार कुठून? पाठदुखी बरी, एक्स-रेत सहसा सापडत नाही. फक्त दाखला आणायला बुलेटवरून जाऊ नका.

खरा खानदानी आजार सपाट तळव्यांचा. पाय ओले करून शहाबादी फरशीवर उभे राहा. मधली कमान न सुटता घावनासारखा भरीव ठसा उठला, तर पेढे वाटा. नाहीच उठला तर पाणी जरा सढळ घ्या. मात्र डॉक्टर ‘चवड्यांवर उभा राहा’ म्हणाले की कण्हत खाली बसायचं. पुष्कळ सपाट पायांची कमान चवड्यांवर येताच उगवते आणि दाखला मावळतो.

म्हणूनच डॉक्टर तुमच्या मुंजीत जेवलेले हवेत. ते पाय बघत नाहीत. ‘बाबा कसे आहेत?’ विचारतात आणि लेटरहेड पुढे ओढतात. ज्याचं खरोखर दुखतं त्या मुलाची अशी ओळख नसते. तो तीन रविवार परेड करतो आणि चौथ्या रविवारी ‘सावधान’मध्येच कोसळतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, काही मुलं नाटकीच असतात.

दाखला जपून ठेवा. आमच्या शेजारच्या काकांनी 1965 चा लॅमिनेट करून घेतलाय. काका रोज पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या दोनदा चढतात आणि वर पोचल्यावर, धाप न लागता, आजच्या पिढीला लष्करी शिस्तीची कशी गरज आहे ते सांगतात.

“नातवाला घालणार का?” मी विचारलं.

“त्याला कसं घालणार?” काका म्हणाले. “तळवे माझ्यावर गेलेत त्याचे.”