बॅटरी डिकीतच का? एका आरोपाला उत्तर

हायब्रिड ऑफ-रोड एसयूव्हींबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: बॅटरी डिकीच्या तळाशी कोंबणं हा कंपन्यांचा आळस आहे, इलेक्ट्रिक गाडीसारखी ती पोटाखाली हवी होती. उंचावरच्या बॅटरीमुळे गाडी कलंडते, पाण्यात शॉक बसतो, दगड लागला की आग लागते. शिवाय बॅटरी इतकी लहान की तिचा उपयोग शून्य, आणि ती बिघडली की माणूस रानात अडकलाच. यातला पहिला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. बाकीचे तपासले तर टिकत नाहीत. अवघड वाटांसाठी गाडी निवडणारे लोक हा मजकूर वाचून निर्णय घेत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आळस म्हणून डिकीत टाकली"

लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही फोर-बाय-फोरखाली टॉर्च घेऊन वाकून बघा. दोन रेल्सच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे गिअरबॉक्स असतो, त्याच्या मागे ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरसंच), तिथून पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन प्रॉपेलर शाफ्ट, बाजूने सायलेन्सरचा तापलेला पाइप आणि इंधनाची टाकी. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे सपाट बॅटरी आरामात बसते. हायब्रिडला इंजिनही सांभाळायचं असतं आणि बॅटरीही. पोटाखालीच बसवायचा हट्ट धरला तर बॅटरीची पेटी या सगळ्याच्या खाली लोंबेल.

त्याची किंमत किती, याचा ढोबळ हिशेब मांडतो. व्हीलबेस 2850 मिमी आणि मधोमध जमिनीपासून उंची 220 मिमी धरू. टायरचा आकार हिशेबात न घेता पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन साधारण 17.5 अंश येतो. पेटी 100 मिमी खाली उतरली की तोच कोन साडेनऊ अंशांवर येतो. टायरच्या गोलाईमुळे प्रत्यक्षातले आकडे याहून मोठे असतात, पण घट अशीच जबर असते. ज्या गाडीचं सगळं अस्तित्व उंचवटे ओलांडण्यावर आहे, तिच्यात हा सौदा कोणता अभियंता करेल?

मग मागे का? मागचा ॲक्सल अखंड असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर असतील, तर उंचवट्यावर एक चाक वर उचललं जातं तेव्हा ॲक्सल आणि डिफरन्शियलसकट (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) सगळं वर येतं. त्याच्यासाठी फ्रेमखालची जागा मोकळी ठेवावीच लागते. म्हणून बॅटरी फ्रेमच्या वर जाते आणि डिकीची फळी उंच होते. टोयोटाच्या लँड क्रूझर 250 आणि 4रनरच्या हायब्रिड रूपांत नेमकं हेच झालं आहे.

"पण बीवायडीला जमलं ना?" हा प्रश्न लगेच येतो. जमलं. या चिनी कंपनीच्या शार्क 6 पिकअपमध्ये 29.58 किलोवॉट-तासांची बॅटरी फ्रेमच्या रेल्समध्येच बसते. पण ती जागा रिकामी कशी झाली तेही सांगायला हवं. तिथे मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर आहे. इंजिनापासून मागे जाणारा शाफ्टच नाही. ट्रान्स्फर केस गेला, त्याच्याबरोबर यांत्रिक लो रेंजही (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर) गेली. इंजिनाची ताकद थेट मागच्या चाकांपर्यंत पोहोचवायची सोय राहिली नाही. याउलट टोयोटा, जीप रँग्लर 4एक्सई आणि लँड रोव्हर डिफेंडर पी400ई यांत विजेची मोटर गिअरबॉक्सच्या आधी किंवा गिअरबॉक्समध्येच आहे. म्हणजे लो रेंज टाकली की इंजिन आणि मोटर दोघांचाही टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, गुणला जातो. बॅटरीची जागा आधी ठरत नाही. आधी ठरते ती ताकद चाकांपर्यंत न्यायची पद्धत. आरोप करणाऱ्यांनी हा दुवाच सोडला आहे.

आता माझी अर्धी कबुली. किंमत मोजावी लागते आणि ती कधीकधी फार आहे. लँड क्रूझर 250 च्या अमेरिकेतल्या हायब्रिड रूपात तिसरी रांग नाही. डिफेंडर पी400ईमध्ये 19.2 किलोवॉट-तासांची बॅटरी डिकीखाली आहे, आणि ती गाडी पाचच जणांची. रँग्लरने 17.3 किलोवॉट-तासांची बॅटरी मागच्या सीटखाली बसवून डिकी वाचवली, पण इंधनाची टाकी सुमारे 81 लिटरवरून 65 लिटरवर आली. लांब पल्ल्याच्या प्रवासात हे जाणवतंच. माझ्या मते सगळ्यात फसलेलं उदाहरण टोयोटा सेक्वोयाचं. 2023 च्या पिढीपासून ती फक्त हायब्रिड मिळते आणि एवढ्या अवाढव्य गाडीत तिसरी रांग दुमडूनही सपाट तळ मिळत नाही. तिथे तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार सामानाच्या जागेची आहे, ऑफ-रोड क्षमतेची नव्हे.

"उंचावरच्या बॅटरीमुळे गाडी कलंडते"

पुन्हा आकडे, उदाहरणादाखल. 2300 किलोची गाडी, गुरुत्वमध्य 75 सेंमी उंचीवर. तीत 60 किलोची बॅटरी 90 सेंमी उंचीवर बसवली तर गुरुत्वमध्य जेमतेम 0.4 सेंमी वर सरकतो. तेच 60 किलो सामान टपावरच्या कॅरिअरवर, दोन मीटर उंचीवर बांधलं तर तो तीन सेंमीहून जास्त वर जातो. टपावर तंबू, जेरीकॅन आणि स्टेपनी बांधून फिरणाऱ्यांनी डिकीतल्या बॅटरीला बोल लावू नये, असं मी मनापासून म्हणतो.

"पाण्यात शॉक बसतो"

उच्च दाबाची बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली नसते. तिची धन आणि ऋण दोन्ही टोकं बॉडीपासून अलग असतात, त्या अलगपणावर गाडीतलं सर्किट सतत लक्ष ठेवतं, आणि विजेची गंभीर गळती किंवा अपघात झाला की कॉन्टॅक्टर (स्वयंचलित स्विच) उघडून पुरवठा तुटतो. रँग्लर 4एक्सईला 76 सेंमी आणि डिफेंडर पी400ईला 90 सेंमी खोल पाण्याची मुभा कंपनीच देते, ती उगीच नव्हे. पाण्यात गाडी सहसा मरते ती इंजिनाने हवेच्या पाइपातून पाणी ओढल्यामुळे.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. बॅटरीची तापलेली पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढू पाहते. डिफरन्शियलच्या बाबतीत हे जुन्या ड्रायव्हरांना माहीत आहेच, म्हणून तर त्याची हवा आत-बाहेर होऊ देणारी ब्रीदरची नळी उंच नेतात. चांगल्या बॅटरीपेटीत दाब समतोल राखणारे पडदे त्यासाठीच असतात. दुसरा धोका खाऱ्या पाण्याचा. 2022 मध्ये इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या. मोठी लिथियम बॅटरी असलेली गाडी खाऱ्या पाण्यात बुडून राहिली असेल तर ती सुरू करू नका आणि घराला लागून उभीही करू नका.

"दगड लागला की आग"

इथे हमखास रँग्लर 4एक्सईचा दाखला देतात. 2024 मध्ये आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत सुमारे 1 लाख 54 हजार जीप 4एक्सई गाड्या परत बोलावल्या, हे खरं. पण दिलेलं कारण होतं बॅटरीच्या सेलमधल्या सेपरेटरला (दोन टोकं अलग ठेवणारा पातळ पडदा) झालेली इजा. दगडाचा किंवा बॅटरीच्या जागेचा त्यात संबंध नव्हता; मालकांना गाडी इमारतीपासून दूर उभी करा आणि चार्जिंग करू नका, असं सांगितलं गेलं. सीटखाली आणि फ्रेमच्या वर असलेल्या बॅटरीपर्यंत दगड पोहोचणंच कठीण. आणि गंमत म्हणजे हाच मजकूर बॅटरी पोटाखाली न्या म्हणतो, जिथे दगड लागतात!

"इतकी लहान की उपयोग शून्य"

लँड क्रूझर 250 आणि 4रनरमधली टोयोटाची बॅटरी 1.87 किलोवॉट-तासांची आहे. नुसत्या विजेवर लांब जाण्यासाठी ती नाहीच. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) दाब तयार होईपर्यंतचा क्षण भरून काढणं हे तिचं काम. 4रनरचं 2.4 लिटर टर्बो इंजिन एकटं 430 न्यूटन-मीटर टॉर्क देतं, हायब्रिड रूपात तो आकडा 630 वर जातो. खडकावर चाक टेकवून इंच इंच सरकताना इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी ही ताकद फार मोलाची असते.

"बिघडली की अडकलात"

सगळ्या हायब्रिडना एकच नियम लावता येत नाही. लँड क्रूझर 300 च्या हायब्रिड रूपात टोयोटाने वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर मुद्दाम ठेवले आहेत. हायब्रिड यंत्रणा बंद पडली तरी गाडी इंजिनावर पुढे जाते.

अडचण येते ती त्या फिरत्या मजकुरात कुठेच नसलेल्या ठिकाणी. टोयोटाच्या या बॅटऱ्या पंख्याने, केबिनमधल्या हवेवर थंड होतात. त्या हवेच्या जाळीवर पिशव्या रचल्या किंवा फिल्टर धुळीने गच्च झाला तर बॅटरी तापते आणि यंत्रणा तिची ताकद कमी करते. मातीच्या रस्त्यांवर फिरत असाल तर ती जाळी कुठे आहे ते पुस्तिकेत बघा, सामान लावताना ती मोकळी ठेवा आणि प्रत्येक धुळकट प्रवासानंतर फिल्टर काढून साफ करा.