चहाच्या आधीचा अर्धा तास

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा सहाला होतो. किसलेलं आलं, गवती चहाची पात, आणि दूध वर यायला लागलं की बायको गॅस बारीक करते तो क्षण. पूर्वी तो चहा आणि मी यांच्यात फक्त बशी असायची. आता 50 मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिन असतं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करते म्हणून रोज घ्यायची गोळी. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. बोटाच्या पेरावर ठेवली तर चष्मा लावून बघावी लागेल अशी गोळी, पण तिच्यापुढे आख्खा चहा ओट्यावर ताटकळतो.

‘‘अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास काही घ्यायचं नाही, तास गेला तर उत्तमच,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘काही म्हणजे चहा चालेल ना?’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चहा-कॉफीने गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर चार तास लांबच ठेवायच्या, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मग पहाटे उठून घेतो. त्यावर बायकोचा आवाज आला, ‘‘हे? पहाटे?’’ दुसरा मार्ग रात्रीचा. जेवणानंतर तीन तासांनी. पण आमच्याकडे जेवण दहाला संपतं आणि चिवड्याचा डबा साडेअकरापर्यंत उघडाच असतो. तेव्हा सकाळच बरी.

हा अर्धा तास कसा जातो ते ज्याला थायरॉइड आहे त्यालाच कळेल. पेपर वाचवत नाही, कारण चहाशिवाय अग्रलेख पचत नाही. बाल्कनीत जावं तर शेजारचे काका कप घेऊन उभे. आणि आमची ही, माझी प्रकृती जपते म्हणून काय ती स्वयंपाकघरातच पिते, पण भुरका हॉलपर्यंत येतो.

आजार कळला तेव्हा सांगलीच्या आत्याचा फोन आला. ‘‘अरे, हा तर बायकांचा आजार! तुला कसा झाला?’’ बायकांमध्ये त्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे हे खरं, पण हे आत्या अशा सुरात म्हणाली, जणू मी लेडीज डब्यात चढलोय. माझ्या बाबतीत कारण निघालं ते हाशिमोटो. स्वतःच्याच शरीराची संरक्षण यंत्रणा गळ्यातल्या ग्रंथीवर उठते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 साली याचं पहिलं वर्णन लिहिलं, ते चार रुग्णांच्या ग्रंथी तपासून. चारही बायका. हे मी आत्याला सांगितलेलं नाही.

रक्ताच्या रिपोर्टवरची तिची दुसरी शंका मात्र रास्त होती. ‘‘टीएसएच 14 म्हणजे वाढलाय. मग तू थायरॉइड कमी आहे असं का म्हणतोस?’’ मग मी तिला मुकादम सांगितला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची चिमुकली ग्रंथी बसते, ती मुकादम. गळ्यातला थायरॉइड हा कामगार. कामगार पेंगायला लागला की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे ते ओरडणं. आकडा जितका मोठा, तितका कामगार गाढ झोपलेला. आत्या जरा थांबून म्हणाली, ‘‘म्हणजे तुझ्यासारखाच की.’’ आणि वर धन्याचं पाणी प्यायला सांगून, कोबी बंद करायला लावून तिने फोन ठेवला.

पूर्वीच्या लोकांचे हाल वाचले की मात्र आपला अर्धा तास सुसह्य वाटतो. 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईंना टोचला. बाई त्यानंतर तब्बल 28 वर्षं जगल्या. पुढच्याच वर्षी तिकडच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की सुई कशाला, खायला दिली तरी चालते. मग मेंढीची ग्रंथी हलकी परतून रुग्णाच्या ताटात. हे मी शुद्ध शाकाहारी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘परतायची कुणी?’’

खरं सांगायचं तर पहिला रिपोर्ट आला तेव्हा मला आनंदच झाला होता. सुस्ती, जडपणा, उन्हाळ्यातही स्वेटर शोधणं, कुठलंही काम उद्यावर जाणं, सगळं लक्षणांच्या यादीत छापील! घरात वर्षानुवर्षं ज्याला आळस म्हणत, ती ग्रंथी निघाली. माळा आवरायचं काम गेल्या दिवाळीपासून पडून होतं, ते मी लगेच आजाराच्या खात्यावर टाकलं. हिनेही ऐकून घेतलं. वर दोन दिवस भाजीसुद्धा तिनेच आणली.

पण या औषधाचं एक वाईट आहे. ते लागू पडतं. रक्तात ते सावकाश साठतं, अर्धं ओसरायलाच आठवडाभर लागतो, म्हणून पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. ती झाली. टीएसएच 2.6. एकही आकडा ठळक नाही, कुठे चांदणीची खूण नाही.

बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आतून स्टूल आणून माळ्याखाली ठेवलं.