सिस्टरच्या नोंदी आणि सिस्टरची नजर

परिचारिकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: सेवा मनाने होते, आकड्यांनी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातात दिवा होता, कॉम्प्युटर नव्हता. अनुभवी सिस्टरला रुग्ण बिघडतोय हे नजरेनेच कळतं. नोंदी, चार्ट, कॉम्प्युटर हे सगळं बाहेरच्यांनी लादलंय आणि ते भरता भरता रुग्णाजवळचा वेळ जातो. शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त रोगांनी मेले, हे नाइटिंगेलबाईंनी मृत्यूंच्या नोंदी महिन्यांप्रमाणे लावून दाखवलं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. तिथे निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. आकड्यांना विरोध करण्यासाठी त्यांचंच नाव घेणं हा त्यांच्या कामावर अन्याय आहे.

आता नजरेचं. ती असते, आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण रात्रपाळीला डॉक्टरांना फोन करून ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच सांगितलं, तर ते ऐकलं जाईलच असं नाही. समजा श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९४, नाडी ११२, वरचं बीपी १०८, ताप १००.८. एकेकटा आकडा पाहिला तर कुणी धावणार नाही. ब्रिटनमधल्या ‘न्यूज २’ या गुणपद्धतीत मात्र यातल्या प्रत्येक आकड्याला मिळणाऱ्या गुणांची बेरीज ७ होते, आणि ७ गुण म्हणजे तातडीने डॉक्टर बेडपाशी हवेत.

याहून बोलकं काम अमेरिकेतल्या सारा रॉसेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. त्यांची ‘कन्सर्न’ प्रणाली सिस्टर काय करते ते पाहते: ठरल्या वेळेशिवाय पुन्हा बीपी घेतलं का, एखादं औषध थांबवलं का, जास्तीचा शेरा लिहिला का. जिला काळजी वाटते ती सिस्टर जास्त वेळा बेडपाशी जाते आणि जास्त लिहिते. ही काळजीच प्रणाली डॉक्टरांपर्यंत पोचवते. २०२५ मध्ये ६० हजारांवर रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जिथे ती वापरली तिथे मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांहून अधिक कमी होता. आयसीयूत अचानक हलवण्याचं प्रमाण वाढलं, पण रुग्णालयातला मुक्काम घटला. नजर आणि नोंद यांचं भांडण लावणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा.

लादल्याचं म्हणाल, तर औषध देताना रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड तपासायची कल्पना कॅन्ससमधल्या सू किनिक या नर्सची. भाड्याची गाडी परत घेताना कर्मचारी स्कॅनर वापरतो, मग औषधाला का नाही, असं त्यांना वाटलं.

राहिला वेळ. इथे तक्रार रास्त आहे. उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, एकाच गरोदर बाईची माहिती रजिस्टरात लिहिते आणि टॅबवरही भरते. वॉर्डात केसपेपर, चार्ट आणि कॉम्प्युटर असं तिहेरी लिखाण चालतं. हे बंद झालंच पाहिजे: एक नोंद एकदाच, बेडपाशी, आणि कॉम्प्युटर आला की त्या कामाचं रजिस्टर गेलं पाहिजे. खोटे इशारे देणारी किंवा खरा धोका चुकवणारी प्रणालीही नाकारायलाच हवी. अमेरिकेत सेप्सिसचा, म्हणजे संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा, इशारा देणारी एक प्रणाली २०२१ मध्ये तपासली, तेव्हा तिने दर तीनपैकी दोन रुग्ण चुकवलेले निघाले.

पण म्हणून नोंदीच नकोत, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं. युरोपातल्या ९ देशांत शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये दिसलं की एका नर्समागे एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोडू नका, हे आपण वर्षानुवर्षं सांगतो आहोत; त्याला पुरावा मिळाला तो नोंदींमधूनच. पुढच्या वेळी अधिसेविकांकडे किंवा अधीक्षकांकडे जाल, तेव्हा हे आकडे सोबत न्या: प्रत्येक ड्युटीला रुग्ण किती, सिस्टर किती, बेडसोअर किती, पडलेले रुग्ण किती, चुकलेले डोस किती.